कोण भारी? आधी ड्रॉ दाखवा!

मंडळी, आपल्याकडे एक वाद कधीच मिटत नाही. जेट्टीवर असो, नाक्यावर असो, नाहीतर हळदीच्या मांडवात. मुंबई भारी, महाराष्ट्र भारी, की आता विदर्भ भारी?

मुंबईवाला लगेच आकडा फेकतो. रणजी करंडक ४२ वेळा, बोला! विदर्भवाला म्हणतो, २०२४-२५ च्या उपांत्य सामन्यात तुम्हालाच ८० धावांनी हरवलं आणि करंडकही नेला, त्याचं काय? पुण्याकडचा गप्प बसतो. त्याच्याकडे दोनच करंडक, तेही १९३९-४० आणि १९४०-४१ चे.

मला या गप्प बसणाऱ्या माणसाची बाजू मांडायची आहे. मुंबईचे ४२ करंडक कुणी नाकारत नाही. पण नुसते करंडक मोजून संघाची ताकद कळते का? तो संघ कुठल्या गटात होता आणि त्या गटातून किती जणांना पुढे सोडलं, हे आधी बघायला नको?

जरा मागे जाऊ. रणजी सुरू झाली १९३४-३५ मध्ये. संघ विभागांत वाटलेले, म्हणजे आपापसात खेळा आणि जो जिंकेल तो पुढे दुसऱ्या विभागांशी भिडेल. आपण पश्चिम विभागात. मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि काठियावाडातली संस्थानं, सगळी एकाच गटात कोंबलेली.

पहिल्या १३ हंगामांत, म्हणजे १९४६-४७ पर्यंत, करंडक १० वेळा पश्चिम विभागात आला. आणि तो एकट्या मुंबईने नाही आणला. मुंबई, नवानगर, महाराष्ट्र, बडोदा आणि वेस्टर्न इंडिया, असे पाच वेगवेगळे विजेते. अख्ख्या देशाच्या स्पर्धेत एकाच कोपऱ्यातले पाच संघ!

हे आपोआप नाही झालं. मुंबईत मैदानं, जिमखाने, कॉलेजं. १९४८ पासून तर भर पावसात खेळली जाणारी कांगा लीग. बडोद्याला गायकवाडांचा राजाश्रय. पुण्यात कॉलेजची परंपरा. महाराष्ट्राला ते दोन करंडक मिळवून देणारे कर्णधार दि. ब. देवधर हे एस. पी. कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. १९४०-४१ मध्ये पन्नाशीला टेकलेले असताना त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. मूळचे सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून त्रिशतक ठोकून पुढे बडोद्याला गेले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात त्यांनी आणि गुल महंमदने होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली.

आता १९४८-४९ चा हंगाम घ्या. त्या एका वर्षी विभागवार वाटणी नव्हती. काय झालं? उपांत्य फेरीत मुंबई आणि महाराष्ट्र समोरासमोर आले. पुण्यात झालेल्या त्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २,३७६ धावा झाल्या. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. चौथ्या डावात सहाशे करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. पुढे अंतिम सामना मुंबई विरुद्ध बडोदा. म्हणजे विभागांची भिंत काढल्याबरोबर शेवटच्या चारात आपल्या भागाचे तीन संघ दिसले.

त्याच हंगामात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम ९ धावांवर आला होता, तेवढ्यात समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. एवढं करूनही निंबाळकर एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. कारणं बरीच असतील. पण जो संघ शेवटच्या टप्प्यात दिसत नाही, त्यातल्या माणसाकडे निवडणाऱ्यांची नजर कमी जाते, हे आपण गावपातळीवरही बघतोच.

खरी कोंडी पुढे झाली. १९५७-५८ पासून विभागात साखळी सामने सुरू झाले आणि प्रत्येक विभागातला फक्त पहिला संघ बाद फेरीत जाऊ लागला. त्या वर्षी बडोद्याने बाजी मारली आणि करंडकही जिंकला. पुढच्या वर्षीपासून मुंबईची सुप्रसिद्ध घोडदौड सुरू. १९५८-५९ ते १९७२-७३, सलग १५ करंडक.

आता साधा हिशोब करा. विभागातून एकच संघ पुढे जाणार आणि करंडक दरवर्षी मुंबईकडे. म्हणजे १९६९-७० पर्यंतचे १२ हंगाम महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र यांपैकी एकालाही बाद फेरीचं तोंड बघायला मिळालं नाही. बारा वर्षं म्हणजे खेळाडूची अख्खी कारकीर्द! या काळात कुणी महाराष्ट्राकडून कितीही चांगला खेळला, तरी त्याच्या नावापुढे बाद फेरीचा एक सामना लागला नाही.

दुसरीकडे मध्य विभागातला राजस्थान बघा. १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात आठ वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि आठही हरला. राजस्थान कच्चा होता असं म्हणणं चुकीचं होईल. सलीम दुराणी, हणुमंत सिंग यांच्यासारखे खेळाडू त्यांच्याकडे होते. पण कागदावर राजस्थान आठ वेळा देशात दुसरा आणि महाराष्ट्र कुठेच नाही. महाराष्ट्र त्या रस्त्याने गेला असता तर? बडोदा गेला असता तर? हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण तो सामना झालाच नाही.

मग १९७०-७१ आलं. नियम बदलला, प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे. आणि पहिल्याच वर्षी अंतिम सामना मुंबई विरुद्ध महाराष्ट्र! मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावस्कर, सोलकर आणि अशोक मांकड तेव्हा वेस्ट इंडिजला गेलेले. सुधीर नाईकच्या नेतृत्वाखाली उरलेल्या संघाने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवलं. यातून दोन गोष्टी कळतात. एक, पाच मोहरे बाहेर असूनही मुंबई जिंकली, म्हणजे तिची ताकद खरीच होती. दोन, दार जरा किलकिलं केल्यावर महाराष्ट्र थेट शेवटच्या सामन्यात दिसला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि आपण वादात नेमकं हेच विसरतो.

कुणी म्हणेल, दुलीप करंडकात विभागांची सरळ तुलना व्हायचीच की. व्हायची. १९६१-६२ पासूनच्या पहिल्या चार वर्षांत पश्चिम विभाग तीनदा एकटा जिंकला, एकदा दक्षिणेबरोबर करंडक वाटून घेतला. पण त्यातून विभाग भारी हे कळलं. विभागातला दुसरा-तिसरा संघ देशात कितवा, हे नाही कळलं.

२००२-०३ पासून रणजीची विभागवार पद्धत बंद झाली. एलिट आणि प्लेट असे गट आले, कामगिरीप्रमाणे वर-खाली जायचं. पुढे विदर्भाने काय केलं ते समोर आहे. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५, तीन करंडक. पहिल्या दोन वेळी प्रशिक्षक कोण? मुंबईचेच चंद्रकांत पंडित. मधे २०२३-२४ ला मुंबईने अंतिम सामन्यात विदर्भाला हरवून ४२ वा करंडक घेतला. वाद चालू ठेवायला एवढा मसाला पुरे!

आता आपल्या दारातली गोष्ट. दिवाळ्याचा पोरगा ठाणे जिल्ह्यातला, म्हणून त्याचा रस्ता मुंबई संघटनेकडून जातो. खाडीपलीकडे उलव्याचा पोरगा रायगडचा, तो पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेखाली. दोघं रविवारी एकाच मैदानात टेनिस बॉलने खेळतात. चेंडू तोच, हवा तीच. पण एकाला मुंबईच्या गर्दीत जागा शोधायची, दुसऱ्याला महाराष्ट्राच्या. उद्या एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला, तर लगेच "याच्यात दम नव्हता" म्हणून मोकळे होऊ नका.

आणि आपल्या गावोगावच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना एक हात जोडून विनंती. चिठ्ठ्या टाकाल तेव्हा सगळ्या कॅप्टनांसमोर टाका. चार तगडे संघ एका बाजूला आणि दुसरी बाजू मोकळी, असं झालं की वर्षभर भांडण चालतं, आणि पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्या चांगल्या पोराला कुणी बघत नाही. जमेल तिथे गटातून दोन संघ पुढे घ्या. एखादा दिवस वाढेल, मंडपाचं भाडं वाढेल, पण एखादा पोरगा दिसेल.

बाकी कमेंटमध्ये भांडा बिनधास्त. फक्त करंडकांचा आकडा टाकताना सोबत हेही लिहा, तो संघ तिथवर कुणाकुणाला हरवून पोहोचला.