चव्वेचाळीस, चाळीस, आठ

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातला राऊटर आठवडाभर मनाला येईल तेव्हा बंद पडत होता. मग आपोआप चालू व्हायचा, पुन्हा बंद पडायचा. तंत्रज्ञाचं फोनवर एकच उत्तर, "साहेब, फर्मवेअरचा प्रॉब्लेम असेल. बंद करून चालू करा." दोष यंत्रात होता की यंत्रात भरलेल्या आज्ञावलीत, ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या निमित्ताने जुनं काही वाचत गेलो आणि २७ ऑक्टोबर १९८० या तारखेपाशी येऊन थांबलो.

त्या दिवशी अमेरिकेतलं अर्पानेट काही तास जवळजवळ ठप्प झालं. आजच्या इंटरनेटचं हे पूर्वज, १९६९ मध्ये सुरू झालेलं. विद्यापीठं आणि प्रयोगशाळा त्यात ज्या यंत्रांनी जोडल्या होत्या त्यांना 'इम्प' म्हणत. आपल्या राऊटरचे हे पणजोबा. प्रत्येक इम्प आपल्या वाटा कशा आहेत याची खबर शेजाऱ्याला देई, शेजारी ती पुढे पाठवी. जुनी खबर कोणती आणि ताजी कोणती हे ओळखायला क्रमांक असत, ० ते ६३ आणि मग पुन्हा ०. घड्याळासारखंच. बारानंतर एक वाजतो, म्हणून तिथे एक हा बाराच्या पुढचा.

पन्नास क्रमांकाचा इम्प बिघडला होता. त्याच्या शेजारच्या एकोणतीस क्रमांकाच्या इम्पकडून बिट गळत होते. ४४ हा आकडा यंत्राच्या लिपीत १०११००. त्यातला एक '१' पुसला गेला की १०१०००, म्हणजे ४०. आणखी एक पुसला की ००१०००, म्हणजे ८. उर्दू लिहिताना वरचा नुक्ता खाली घसरला की 'खुदा'चा 'जुदा' होतो. त्यापायी ज्यांनी उस्तादांचा मार खाल्लाय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आता एकाच इम्पच्या नावाने तीन खबरी फिरू लागल्या. नियमाप्रमाणे ८ पेक्षा ४० ताजी, ४० पेक्षा ४४ ताजी आणि गोल फिरून ४४ पेक्षा ८ ताजी! प्रत्येक इम्प प्रत्येक खबर नवी समजून इमानेइतबारे पुढे पाठवत राहिला. दुसऱ्या कामाला फुरसतच उरली नाही. एखादा इम्प पुसून नव्याने सुरू केला तरी शेजारी त्याला तीच तीन पत्रं पुन्हा देणार. एक बिघडला आणि आजारी पडले सगळे, ते मात्र आपापलं काम चोख करत असल्यामुळे.

जाळ्याची देखरेख करणाऱ्या बीबीएन कंपनीच्या लोकांनी अखेर एका इम्पची स्मृती उतरवून वाचली. रांगेत ८, ४०, ४४, ८, ४०, ४४ असा पाढाच दिसला. मग एक ठिगळ तयार केलं, पन्नास नंबरच्या खबरी फेकून द्यायच्या. ते इम्पाइम्पावर चढवलं, तेव्हा जाळं शांत झालं.

कंपनीतले एरिक रोझेन यांनी जुलै १९८१ च्या टिपणात हे सगळं मांडलं. बिघाड यंत्राचा होता, एवढं म्हणून त्यांना हात झटकता आले असते. ते त्यांनी केलं नाही; आज्ञावलीची कच्ची बाजूही लिहिली. तारेवरून जाणाऱ्या खबरीची शहानिशा होत होती, स्मृतीत पडून असलेलीची नाही.

पुढे ओएसपीएफ या पद्धतीत क्रमांक गोल फिरणं बंद झालं. तिच्या १९९८ च्या नियमपुस्तकात राऊटरने आपल्याच स्मृतीतल्या नोंदी दर पाच मिनिटांच्या वयाला पडताळायच्या आहेत. बेरीज जुळली नाही तर चूक आज्ञावलीची किंवा स्मृतीची, आणि निदान राऊटर तरी बंद करून पुन्हा चालू करावा, असं त्यात लिहिलंय. आमच्या तंत्रज्ञाला हे अजून सांगायचं आहे.