इशाऱ्याचं कूळ

जुन्या नोकियावर ‘सेल इन्फो’ चालू केलं, की आपण ज्या टॉवरखाली आहोत त्या भागाचं नाव पडद्यावर उमटायचं. पुण्याहून नाशिक रस्त्याला लागलं की चाकण, मंचर, नारायणगाव अशी नावं बदलत जायची. बॅटरी खातं म्हणून बहुतेकांनी ते बंद करून टाकलं. संकटाच्या वेळी फोन कर्कश वाजवणाऱ्या आजच्या सरकारी इशाऱ्याचं मूळ मला त्या चिमुकल्या पाटीत दिसतं.

रूढ वंशावळ वेगळी आहे. ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडात पहिला एसएमएस गेला. १६ एप्रिल २००७ ला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये गोळीबार झाला आणि विद्यार्थ्यांना सावध करणारा ईमेल दोन तासांहून जास्त उशिरा निघाला. त्यानंतर तिथल्या कॉलेजांत मोबाइल नंबर नोंदवून घेऊन मेसेजने सावध करण्याची पद्धत पसरली. झाली कुळकथा!

मला ती पटत नाही. नोंदणीचा एसएमएस प्रत्येक नंबरला वेगळा जातो. गर्दी झाली की तुंबतो, आणि ज्याचा नंबर यादीत नाही त्याला काहीच कळत नाही. ‘सेल ब्रॉडकास्ट’ला यादीच लागत नाही. टॉवर एकदा ओरडतो, टप्प्यातले सगळे फोन ऐकतात. जीएसएममध्ये ही सोय पूर्वीपासून होती. आपल्याकडे ५० नंबरच्या चॅनलवरून तिने भागांची नावं दाखवली. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रात फोन एकाएकी किंचाळले आणि लोक दचकले, ती चाचणीही याच तंत्राची.

गावाचं नाव दाखवण्याचा धोक्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे, कारण धोका जागेवर असतो, नंबरावर नसतो. ओतूरच्या उसात बिबट्या दिसला, तर रात्रीच्या विजेवर पाणी भरायला निघालेल्या शेतकऱ्याला ते आत्ता कळायला हवं. मुंबईतल्या त्याच्या भावाला सकाळी कळलं तरी चालेल.

आता माझ्या सिद्धान्ताला अडचणीत आणणारी गोष्ट सांगतो. पुणे ग्रामीण पोलिसांनी गावोगावी नेलेली ग्रामसुरक्षा यंत्रणा नोंदणीवरच चालते. टोल फ्री नंबरवर बोलायचं. तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या मोबाइलवर कॉल होऊन जातो. यादी कॉलेजवाल्यांचीच, मान्य. पण वाचता न येणाऱ्या आजीलाही कळावं म्हणून बोलून सांगणं, तेही गावच्याच माणसाच्या आवाजात, ही सरळ दवंडी आहे. फक्त हलगी गेली.

तरी आंबेगाव तालुक्यात माझं पारडं पुन्हा ब्रॉडकास्टकडे झुकतं. ३० जुलै २०१४ ला तिथलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं दगावली. गाडी घेऊन गेलेल्या एसटी चालकाला गाव दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. अशा वेळी टोल फ्री नंबर फिरवायला गावात कुणी उरायला हवं ना! तिथे इशारा बाहेरून, पावसाचा अंदाज पाहणाऱ्याकडून, आणि दरड सुटण्याआधी यायला हवा.

तोवर दोन्ही करा. ग्रामपंचायतीत विचारून घरातल्या प्रत्येकाचा नंबर ग्रामसुरक्षेत नोंदवा, साध्या कीपॅड फोनचासुद्धा. आणि स्मार्टफोनच्या सेटिंगमधला आपत्कालीन इशारा आवाजाला कंटाळून बंद केला असेल, तर तो आजच चालू करा.