एचएसबीसी मुख्यालय, हाँगकाँग

हाँगकाँग बेटावरील सेंट्रल या व्यापारी भागातील गगनचुंबी इमारत. हाँगकाँग अँड शांघाय बँकेचे मुख्य कार्यालय. उंची सु. १७९ मी.; मजले ४४. वास्तुशिल्पज्ञ नॉर्मन फॉस्टर. संरचना अभियंते ओव्ह अरूप अँड पार्टनर्स.

बँक १८६५ मध्ये स्थापन झाली, तेव्हापासून तिचा पत्ता १, क्वीन्स रोड हाच आहे. येथील १९३५ ची इमारत अपुरी पडू लागल्याने बँकेने १९७९ मध्ये निवडक वास्तुशिल्पज्ञांकडून आराखडे मागवले. जुनी इमारत टप्प्याटप्प्याने पाडावी, व्यवहार चालू ठेवावेत आणि नवे मजले वरून टांगावेत, असा फॉस्टर यांचा मूळ विचार होता. पुढे जुनी इमारत पूर्णच पाडण्यात आली. टांगण्याची कल्पना मात्र कायम राहिली.

इमारतीचा भार आठ पोलादी मनोऱ्यांवर आहे. प्रत्येक मनोरा चार नळ्या एकत्र जोडून केलेला आहे. मनोऱ्यांच्या दरम्यान पाच पातळ्यांवर दोन मजले उंचीच्या कैच्या असून खालचे मजले त्यांना लोंबकळतात. कपड्यांच्या हँगरसारख्या दिसणाऱ्या या कैच्या रस्त्यावरूनही ओळखू येतात. लिफ्ट, जिने व प्रसाधनगृहे कडेला सरकवल्यामुळे मधला भाग मोकळा राहिला व तेथे दहा मजली उंच दालन साधले. बाहेर बसवलेले आरसे ऊन आत वळवतात. लिफ्ट मोजक्याच मजल्यांवर थांबतात. तेथून पुढे सरकत्या जिन्यांनी जायचे. वातानुकूलनासाठी समुद्राचे पाणी वापरतात.

जागा अरुंद आणि मुदत कमी असल्याने बहुतेक भाग परदेशी कारखान्यांत तयार झाले: पोलाद ब्रिटनमध्ये, बाह्य आवरण अमेरिकेत, तर प्रसाधनगृहे नळजोडणीसह जपानमध्ये. सु. ३०,००० टन पोलाद व ४,५०० टन ॲल्युमिनियम लागले. काम १९८५ मध्ये पूर्ण झाले; उद्‌घाटन १९८६ मध्ये झाले. खर्च सु. ५२० कोटी हाँगकाँग डॉलर. फंगशुईच्या जाणकारांचा सल्ला घेण्यात आला होता. प्रवेशाचे सरकते जिने तिरपे आहेत ते त्यामुळेच, असे सांगतात.

दाराशी १९३५ च्या इमारतीचे दोन कांस्य सिंह आहेत. स्टीफन जबडा उघडून गर्जतो, स्टिट तोंड मिटून बसतो. दुसऱ्या महायुद्धात वितळवण्यासाठी जपानला नेलेले हे सिंह युद्धानंतर परत आले. ये-जा करणारे शकुन म्हणून त्यांचे पंजे चोळतात. तळमजला भिंतींविना असून रहदारीस खुला आहे. रविवारी, बँक बंद असताना, घरकाम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रिया येथे पुठ्ठे अंथरून डबे उघडतात.