आमचं 'चाकलेट', अण्णा आणि गुळव्या

आज विषय गोड आहे, पण शेवट थोडा कडू लागेल. आधीच सांगून ठेवतो.

मागच्या दिवाळीत धाकटी लेक हैदराबादहून कमलनगरला आली, ती चॉकलेटच्या चार वड्या घेऊन. बंजारा हिल्सला २०२३ साली 'मनम' नावाचं दुकान उघडलंय. चॉकलेट तिथंच करतात आणि करताना बघताही येतं. "आजोबांनाही चालेल, साखर कमी आहे," म्हणाली. आजोबा म्हणजे माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय पंच्याऐंशी. अण्णांनी चष्मा लावून वेष्टन उलटसुलट बघितलं. कोको पश्चिम गोदावरी जिल्ह्यातला, असं त्यावर होतं. "मालाचं गाव कळलं. केलं कोणी?" अण्णांनी विचारलं. हा प्रश्न लक्षात ठेवा.

आमच्या लहानपणी कमलनगरात 'चाकलेट' म्हणजे गोळी. कागदात गुंडाळलेली कुठलीही गोळी चाकलेटच. पंधरा ऑगस्टला शाळेत मिळायची ती, पाहुणे आले की हातावर ठेवायचे ती. किराणा दुकानात काचेच्या बरणीत रावळगावच्या गोळ्या असायच्या. रावळगाव म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं, मालेगावजवळचं. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली तिथं साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून गोळ्या निघू लागल्या. २०२४ मध्ये हा गोळ्यांचा धंदा रिलायन्सनं घेतला, ते वाचून मला उगीचच वाईट वाटलं.

खरं चॉकलेट आमच्याकडं फारसं का नव्हतं, याचं कारण साधं आहे. त्यातलं कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं. आमच्या बिदर जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दुकानात फ्रिज नाही, विजेचा भरवसा नाही. तिथं उकळलेल्या साखरेची गोळीच टिकणार.

आणि माल यायचा तो उदगीरकडून. विकाराबाद-परळी रेल्वेवर कमलनगरच्या एका बाजूला बिदर, दुसऱ्या बाजूला उदगीर. निजामाच्या राज्यात सगळा एकच बिदर जिल्हा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला उदगीर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. पण सोयरिक, बाजार, सगळं उदगीरलाच. त्यामुळं आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला काय पिकतंय, ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

तिकडं दक्षिण कन्नडात सुपारीच्या बागांतून शेतकऱ्यांनी कोको लावला होता. पुढं खरेदी थंडावली, भाव पडले, माल घ्यायला कोणी येईना. तेव्हा शेतकऱ्यांचीच संस्था पुढं आली. कर्नाटक आणि केरळच्या सुपारी बागायतदारांनी १९७३ मध्ये मंगळूरला स्थापन केलेली 'कॅम्पको'. तिनं कोको विकत घेतला आणि १९८६ मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभा केला. शेतकऱ्यांच्या मालकीचं चॉकलेट! हे मला कळलं पन्नाशीनंतर.

आता त्यापुढची पायरी म्हणजे हे छोटे कारागीर. म्हैसूरला २०१२ च्या सुमारास असं काम सुरू झालं, मग इतर शहरांत. कोकोच्या ओल्या बिया केळीच्या पानांखाली लाकडी पेट्यांत पाच-सात दिवस आंबवायच्या, उन्हात वाळवायच्या, भाजायच्या, पाखडायच्या आणि दगडी यंत्रात दोन-दोन दिवस वाटायच्या. गंमत म्हणजे हे यंत्र कोइम्बतूरच्या इडली-डोशाच्या ग्राइंडरवरून आलंय, आणि आज परदेशातले छोटे चॉकलेटवालेही तेच वापरतात. घरोघरी साच्यात ओतून विकतात त्यातलं बरंचसं चॉकलेट वेगळं असतं. त्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तेल घालतात. ते लवकर वितळत नाही, पण जिभेवर मेणासारखं राहतं.

लेकीनं अण्णांना शिकवलं: तुकडा मोडताना कट्‌कन आवाज यायला हवा, आधी वास घ्यायचा, चावायचं नाही, जिभेवर विरघळू द्यायचं. अण्णा हसले. "हे मला नको शिकवू. गूळ असाच घ्यायचा असतो."

आमच्या मळ्यात गुऱ्हाळ होतं. मोठी काहील, खाली चुलवाण, भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी काढायची. पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघायची, आणि काहील नेमकी कधी उतरवायची हे ठरवणारा एकच माणूस: गुळव्या. क्षणभर उशीर झाला की सगळी काहील वाया. बाजारात लोक ढेपेचा कोपरा मोडून, वास घेऊन, जिभेवर ठेवून सांगायचे, "हा अमक्यांच्या गुऱ्हाळाचा." अमके म्हणजे आम्ही, मळ्याचे मालक. पुढं जिल्ह्यात साखर कारखाने आले, ऊस तिकडं जाऊ लागला, गुऱ्हाळ बंद पडलं. काहील मोडीत गेली.

अण्णांनी तुकडा बराच वेळ तोंडात ठेवला. म्हणाले, "शेवटाला आंबूस लागतंय. चांगलं आहे. करणाऱ्याला हात आहे."

मी सहज विचारलं, "अण्णा, आपल्या गुळव्याचं नाव काय होतं हो?"

अण्णा गप्प झाले. आठवायला लागले. पलीकडच्या गावचा होता, डाव्या हाताला भाजल्याचा डाग होता, चहा बिनसाखरेचा प्यायचा. सगळं आठवलं, नाव आठवेना. रात्री जेवताना म्हणाले, "बारा हंगाम आपल्याकडं आला रे. सगळे गुळव्याच म्हणायचे. मी कधी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी लेकीनं सांगितलं, तेलुगूत 'मनम' म्हणजे आपण. ज्याच्याशी बोलतो त्यालाही धरून. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे असतात, तसंच. गुऱ्हाळ 'आमचं' होतं, मंडळी. गुळव्या त्या 'आपण'मध्ये कधी आलाच नाही.

तुमच्या घरी कोणी जुनं माणूस असेल तर आजच विचारा. गुळव्या, भट्टीवाला, बत्तासे करणारा, कोणीही असो. नाव विचारून लिहून ठेवा. आमच्या घरी उशीर झाला.