शिलावर्तुळे ते सीताबर्डी : नागपूर परिसरातील वारसा-पर्यटनाचा पेरूच्या संदर्भात विचार

प्रस्तावना

दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाच्या पर्यटनात पुरातत्त्वीय स्थळे आणि स्पॅनिश वसाहतकाळातील वास्तू एकाच प्रवासात पाहिल्या जातात. कुस्को नगरातील कोरिकांचा हे इंका राजवटीचे सूर्यमंदिर होते. स्पॅनिश विजेत्यांनी १५३३ मध्ये कुस्को जिंकल्यानंतर या मंदिराच्या भिंतींवरच सांतो दोमिंगो हे डोमिनिकन पंथाचे चर्च व मठ उभे राहिले. २१ मे १९५० च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली आणि तोवर झाकलेल्या इंकाकालीन भिंती उघड्या पडल्या. तेथे येणाऱ्या प्रवाशाला जेत्यांची वास्तू आणि जितांची वास्तू एकाच दृष्टिक्षेपात दिसते.

नागपूर परिसरात ही दोन्ही प्रकारची स्थळे विपुल आहेत, परंतु ती वेगवेगळ्या याद्यांत विभागली गेली आहेत. पुरातत्त्वाच्या यादीत जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, मनसर, पवनी ही नावे येतात. वसाहतकालीन वारशाच्या यादीत सीताबर्डीचा किल्ला, मध्यवर्ती संग्रहालय, रेल्वेस्थानक व उच्च न्यायालयाची इमारत. या दोन याद्यांचा परस्परसंबंध मात्र क्वचितच सांगितला जातो. हा संबंध निकटचा आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय या स्थळांचे महत्त्व व त्यांच्यापुढील धोका ही दोन्ही नीट कळत नाहीत, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सत्तांतर आणि माहितीचे संकलन

२६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसले यांचे सैन्य आणि इंग्रजांची फौज यांच्यात लढाई झाली. या पराभवानंतर भोसल्यांची सत्ता नाममात्र उरली. टेकडीवर इंग्रजांनी किल्ला बांधला आणि १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसवली. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी नागपूर राज्याचा जो विस्तृत अहवाल तयार केला, तो १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. जमीन, महसूल, जाती-जमाती, व्यापार अशा सर्व बाबींची नोंद त्यात आहे. प्रदेश ताब्यात घेणे आणि प्रदेशाची माहिती गोळा करणे ही कामे येथे बरोबरीनेच चाललेली दिसतात.

तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक मरण पावले आणि डलहौसीने पुढच्याच वर्षी नागपूर राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. या नव्या राजधानीतील अधिकारी व मिशनरी यांच्याच हातून नागपूर परिसरातील प्रागैतिहासिक अवशेषांचा आधुनिक अभ्यास सुरू झाला.

टाकळघाट, जुनापाणी आणि वारेगाव

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ च्या सुमारास नागपुरास आले. शिक्षणप्रसाराबरोबरच भूगर्भशास्त्र, जीवाश्म आणि गोंड समाजाच्या मौखिक परंपरा हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. बुटीबोरीजवळील टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहण्यासाठी ते मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांच्यासमवेत गेले असता, परतीच्या वाटेवर ४ सप्टेंबर १८६३ रोजी पूर आलेला नाला ओलांडताना त्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांची आदिवासीविषयक टिपणे टेम्पल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात सर्वांना परिचित आहे, परंतु त्यांचा शेवटचा प्रवास एका पुरातत्त्वीय स्थळाचा होता, हे फार थोड्यांच्या लक्षात असते.

काटोल मार्गावरील जुनापाणी येथे सुमारे तीनशे शिलावर्तुळे नोंदली गेली आहेत. मोठमोठ्या दगडांचे वर्तुळ, आत दगडमातीचा भराव आणि त्याखाली मृतासोबत पुरलेल्या वस्तू असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. जे. एच. रिवेट-कार्नाक या मुलकी अधिकाऱ्याने १८६७ च्या सुमारास येथे उत्खनन केले आणि १८७९ मध्ये त्यासंबंधीचा लेख बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. काही दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांकडे त्यांनी लक्ष वेधले आणि युरोपातील तशाच खुणांशी त्यांची तुलना केली. कामठी छावणीतील पीअर्स या लष्करी अधिकाऱ्याने त्याच दशकात जवळच्या वारेगाव येथील एक मोठे शिलावर्तुळ खोदले.

येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. रिवेट-कार्नाक हे कापूस विभागाचे आयुक्त होते आणि मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला तो १८६७ मध्येच. कापसाच्या निर्यातीसाठी ज्या प्रदेशाची पाहणी चालू होती, त्याच प्रदेशात फिरताना ही वर्तुळे अधिकाऱ्यांच्या नजरेस पडली. गावकऱ्यांना मात्र ती आधीपासूनच ठाऊक होती आणि स्थानिक परंपरेत ती गवळी राजांच्या काळातील मानली जात. माचू पिचूचीही हकीकत अशीच आहे. हायरम बिंगहॅम जुलै १९११ मध्ये तेथे पोहोचले, तेव्हा स्थानिक शेतकऱ्याने त्यांना वाट दाखवली होती आणि त्या परिसरात शेतकरी कुटुंबे राहतही होती. ‘शोध लावला’ हा शब्दप्रयोग दोन्ही ठिकाणी जपूनच करावा लागतो.

वस्तूंचा प्रवास

मध्यवर्ती संग्रहालयाची स्थापना १८६३ मध्ये झाली. लोकांनी त्याला ‘अजब बंगला’ हे नाव दिले. प्रांतातील खनिजे, प्राणी, शस्त्रे, शिलालेख आणि मूर्ती एका छताखाली मांडण्याची कल्पना वसाहतकालीन होती. तिच्यामुळे पुष्कळ वस्तू नागपुरात टिकल्या, हे मान्य केले पाहिजे. मात्र सर्वच वस्तू येथे राहिल्या नाहीत. जुनापाणीच्या उत्खननातील काही लोखंडी वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे असा प्रचंड साठा सापडला. त्याचीही विभागणी होऊन काही भाग नागपूरच्या संग्रहालयात राहिला आणि काही लंडनला गेला.

पेरूमध्ये हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर लढवला गेला. बिंगहॅम यांनी माचू पिचू येथून नेलेल्या वस्तू जवळजवळ शंभर वर्षे अमेरिकेतील येल विद्यापीठाकडे होत्या. दीर्घ वादानंतर झालेल्या समझोत्यानुसार २०११ व २०१२ मध्ये त्या पेरूला परत मिळाल्या. कुस्कोच्या विद्यापीठाच्या सहभागाने त्या कासा कोंचा या वसाहतकालीन वाड्यात ठेवण्यात आल्या. वस्तू परत मिळवण्याइतकेच त्यांना अभ्यासकांचे घर मिळणे महत्त्वाचे आहे, हा धडा त्यातून घेता येतो. आपल्याकडे मागणी तर दूरच राहिली. कोणत्या स्थळाची कोणती वस्तू कोठे आहे, याचे साधे कोष्टकही मराठी वाचकाच्या हाती सहजी पडत नाही.

विद्यापीठाचे कार्य

स्वातंत्र्योत्तर काळात या अभ्यासाची सूत्रे भारतीय संशोधकांच्या हाती आली. बी. के. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे १९६१-६२ मध्ये जुनापाणी येथे पद्धतशीर उत्खनन केले. नागपूर विद्यापीठातील डॉ. शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा, तर १९७० नंतर माहुरझरी येथे उत्खनन केले. हिस्लॉप ज्या टाकळघाटास अखेरचे गेले, तेथे शतकानंतर नागपूरचेच विद्यापीठ पोहोचले. वसाहतकालीन उत्खननांचा भर दफनातील वस्तूंवर होता. देव यांनी टाकळघाट-खापा येथे दफनांसोबत वस्तीचाही शोध घेतला आणि ‘दगड रचणारे लोक राहत कोठे होते’ या प्रश्नाला दिशा दिली.

माहुरझरी येथे घोड्याचे अवशेष, त्याच्या मुखावरील तांब्याचे अलंकार आणि लोखंडी लगाम मिळाले. पारशिवनी तालुक्यातील नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भातील कारागीर स्थानिक खनिजापासून लोखंड तयार करीत होते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा ठरला. अशा भट्टीला लाकडी कोळसा लागतो. ज्या लकडगंजला लाकडाच्या वखारी आणि आरा गिरण्यांनी ओळख दिली, तेथील वाचकाला जंगल आणि लोखंड यांचे हे जुने नाते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

उत्तरेचा मार्ग : कामठी, मनसर, रामटेक

लकडगंजलगतच्या इतवारी स्थानकापासून कामठीमार्गे रामटेकला लोहमार्ग जातो. इतिहासाचे अनेक थर या एकाच मार्गावर पाहता येतात. कामठीत छावणी आहे. पुढे मनसरला दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. १९०० च्या सुमारास येथे मँगनीजचे खाणकाम सुरू झाले आणि हे खनिज परदेशी पोलाद कारखान्यांकडे जाऊ लागले. त्याच मनसरला १९९७-९८ पासून जगत्पती जोशी व ए. के. शर्मा यांनी केलेल्या उत्खननांत वाकाटककालीन भव्य विटांचे बांधकाम व मूर्ती उजेडात आल्या. अनेक अभ्यासक या स्थळाचा संबंध दुसऱ्या प्रवरसेनाच्या प्रवरपुराशी जोडतात.

रामटेकच्या टेकडीवर केवल-नरसिंहादी वाकाटककालीन मंदिरे आहेत. जवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. चंद्रगुप्त द्वितीयाची कन्या आणि वाकाटकांची राज्यकर्ती राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मृण्मुद्रा तेथील अलीकडच्या उत्खननात मिळाली. वाकाटकांचे कोरीव लेख एकत्र करून १९६३ मध्ये त्यांचा प्रमाणग्रंथ सिद्ध करणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी हे नागपुरातील मॉरिस कॉलेजचे अध्यापक होते. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या या वसाहतकालीन महाविद्यालयात बसून एका भारतीय विद्वानाने प्राचीन विदर्भाचा इतिहास उभा केला. या दोन वारशांना वेगळे करणे किती कृत्रिम आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

ऱ्हासाचा प्रश्न

कोरिकांचाची घडीव भिंत पाहताच तिचे मोल कोणालाही कळते. शिलावर्तुळाचे तसे नाही. माहिती नसलेल्या माणसाला ते रानात पडलेले दगडच वाटतात. शेताच्या बांधासाठी, रस्त्याच्या खडीसाठी किंवा घराच्या पायासाठी दगड उचलला गेला, तर वर्तुळ मोडते. भराव सपाट केला, तर त्याखालील पुरावा कायमचा जातो. अनेक शिलावर्तुळे केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत नियमन आहे. परंतु गावातील लोकांना आणि शहरातील सुशिक्षितांना स्थळच ओळखता येत नसेल, तर कायद्याची अंमलबजावणी कोण मागणार?

वसाहतकालीन वारसाही सुरक्षित नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली एम्प्रेस मिल नागपूरच्या औद्योगिक इतिहासाचा आरंभबिंदू होती. गिरणी बंद पडली आणि तिच्या जागेवर आज व्यापारी संकुल उभे आहे. याउलट हेन्री मेड यांनी आरेखित केलेली, ६ जानेवारी १९४० रोजी उघडलेली उच्च न्यायालयाची इमारत टिकून आहे, कारण ती वापरात आहे. उपयोग आणि ओळख यांपैकी काहीच नसलेली वास्तू वाचत नाही, असे अनुभवावरून म्हणता येते.

लिमा शहरातील ह्वाका पुक्याना हे कच्च्या विटांचे प्राचीन पिरॅमिडसदृश स्थळ घरांच्या वस्तीने चहूबाजूंनी वेढलेले आहे. शहराच्या वाढीत त्याचा बराच भाग नष्ट झाला. परंतु १९८१ पासून तेथे सातत्याने उत्खनन, जतन व प्रदर्शन चालू झाले आणि उरलेले स्थळ शहराच्या अभिमानाचा विषय बनले. नागपूर शहर काटोल मार्गाने विस्तारत असताना जुनापाणीसाठी हे उदाहरण अधिक जवळचे आहे.

समारोप

महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली बहुधा अजिंठा-वेरूळ किंवा गोव्याकडे जातात. त्या जाव्यातच. परंतु इतिहास विभागांनी वर्षातून किमान एक दिवस स्वतःच्या परिसरासाठी राखून ठेवावा, असे सुचवावेसे वाटते. या सहलीचा क्रम स्थळांच्या कालानुक्रमाने न लावता ज्ञानाच्या प्रवासाने लावावा : प्रथम सीताबर्डीची टेकडी, किल्ल्यात प्रवेश मोजक्याच दिवशी मिळत असल्याने गरज पडल्यास बाहेरूनच, नंतर अजब बंगला, आणि शेवटी जुनापाणीचे माळरान. संग्रहालयातील लोखंडी पाते पाहून विद्यार्थी जेव्हा वर्तुळाशेजारी उभा राहील, तेव्हा ‘हे येथून तेथे कोणी नेले, आणि उरलेले कोठे आहे?’ हा प्रश्न त्याला आपणहून पडेल.

प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने जवळच्या एका स्थळाची छायाचित्रांसह वार्षिक नोंद ठेवली, तर दहा वर्षांनी कोणते दगड हलले आणि कोणते वर्तुळ नाहीसे झाले, हे सांगणारा पुरावा आपल्यापाशी असेल. हे काम करण्यासाठी उत्खननाचा परवाना किंवा मोठा निधी लागत नाही. एकोणिसाव्या शतकात ही नोंद परक्या अधिकाऱ्यांनी आपल्या गरजेपुरती केली. ती आपल्या गरजेसाठी करण्याची जबाबदारी आता येथील अध्यापकांवर आहे.