पद्मिनीचे वय: मोटारगाडी म्हातारी कशी होते?

#इतिहासधागा

१/ "जुन्या गाड्या भक्कम होत्या, हल्लीच्या पत्र्यात तो दम नाही." हे वाक्य आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असते. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा दोनच गाड्या असतात: घरची फियाट आणि साहेबांची ॲम्बॅसेडर. या समजुतीची आज इतिहासाच्या अंगाने तपासणी करू. या गाड्या इतकी वर्षे कशाच्या बळावर टिकल्या, आणि त्या टिकण्याची किंमत कोणी मोजली? धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ मोटारीचे वय तीन तऱ्हांनी मोजता येते. पहिले धातूचे वय: पिस्टन झिजतो, पत्रा सडतो. दुसरे बाजाराचे वय: नवे मॉडेल आले की उत्तम चालणारी गाडीही जुनी दिसू लागते. तिसरे कायद्याचे वय: अमुक वर्षांनंतर ही गाडी रस्त्यावर नको, असे शासन किंवा न्यायालय ठरवते. ही तीन घड्याळे एकाच गतीने चालत नाहीत. त्यांच्या गतींतला फरक हाच आपल्या आजच्या कथेचा विषय आहे.

३/ अमेरिकेत दुसरे घड्याळ फार लवकर वेगाने फिरू लागले. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांच्या काळात, १९२० च्या दशकात, दरवर्षी मॉडेलचे रूप बदलण्याची पद्धत रुजली. हेतू उघड होता. गाडी बिघडण्यापूर्वीच मालकाला ती जुनी वाटली पाहिजे. स्वतंत्र भारतात याच्या नेमके उलट घडले. आपल्याकडे बाजाराचे घड्याळ जवळजवळ तीस वर्षे थांबून राहिले.

४/ सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कारखाना मुंबईच्या कुर्ल्यात होता. आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या येथे जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापासून फियाट ११०० कुर्ल्यातून बाहेर पडू लागली. तिकडे कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावर ॲम्बॅसेडर घडवली.

५/ या दोन गाड्यांना मोकळे रान कसे मिळाले? स्वातंत्र्यानंतर परकीय चलन जपणे ही शासनाची मोठी चिंता होती. १९४९ मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार धोरण ठरले, की ज्यांच्याकडे देशातच सुटे भाग घडवण्याची योजना आहे त्यांनीच या धंद्यात राहावे. केवळ जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी पुढच्या वर्षभरात गाशा गुंडाळला.

६/ उरलेल्या मोजक्या कारखान्यांना किती गाड्या काढायच्या हे परवान्याने ठरे. यंत्रे किंवा नवा आराखडा परदेशातून आणायचा तर पुन्हा परवानगी. बदल करणे महाग आणि न बदलणे निर्धोक, अशी ही रचना होती. परिणाम पाहा. इटलीत फियाट ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये संपले. कुर्ल्यात तीच गाडी १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने निघत राहिली, ती थेट विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत. लोक मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

७/ मागणी मोठी आणि उत्पादन थोडे, म्हणून नाव नोंदवून कित्येक वर्षे थांबावे लागे. नव्या मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश १९५९ मध्ये निघाला. किमतींचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वापरलेल्या गाडीला कधी कधी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीहून अधिक पैसे मोजले जात. जुनी वस्तू नव्याहून महाग, हे अर्थशास्त्राच्या सरळ नियमात बसत नाही; पण रांगेतल्या वर्षांची किंमत त्या पैशांत धरलेली होती.

८/ अशा बाजारात कुटुंब गाडी विकत नसे, सांभाळत असे. वडिलांनी घेतलेली गाडी मुलगा चालवे. कापडी आवरण, रविवारचे धुणे, ठरलेला फिटर, ठरलेला पेट्रोल पंप, हा घरोघरचा शिरस्ता झाला. यात जिव्हाळा निश्चित होता. परंतु त्या जिव्हाळ्याखाली हिशेब होता: ही गाडी गेली तर दुसरी कधी मिळेल, याची शाश्वती नव्हती.

९/ आता धातूकडे वळू. पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, कार्ब्युरेटरवर चालणारे. ते झिजत असे, आणि बऱ्यापैकी लवकर झिजत असे. धूर वाढला, तेल खाऊ लागले की 'इंजिनाचे काम काढावे' लागे. सिलिंडर बोअर करून किंचित मोठे पिस्टन बसवायचे, नव्या रिंगा घालायच्या, क्रँकशाफ्ट घासून नीट करायचा, व्हॉल्व्ह बसवून घ्यायचे. बोअर करण्याची मर्यादा संपली की आत नवा लायनर ठोकून पुन्हा मूळ मापापासून आरंभ. एकाच गाडीची अशी कामे अनेकदा निघत.

१०/ पत्र्याचे दुखणे अधिक खोल होते. या गाडीला स्वतंत्र चासी नव्हती, बॉडीच सगळा भार पेले. म्हणून गंज हा केवळ शोभेचा प्रश्न नसे. मुंबईचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस दरवाज्याच्या खालच्या कडेत, पायांखालच्या पत्र्यात, डिकीच्या कोपऱ्यात मुरे. सडलेला भाग कापायचा, ठिगळ डागायचे, वरून पुट्टी आणि रंग. दोन-तीन पावसाळ्यांनंतर पुन्हा तेच. वीस वर्षे रस्त्यावर असलेल्या गाडीत कारखान्यातला मूळ पत्रा किती उरला असेल, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

११/ मग ती टिकली कशी? येथे थांबलेल्या घड्याळाचा एक अनपेक्षित लाभ झाला. आराखडा दशकानुदशके फारसा न बदलल्याने एका गाडीचे अनेक भाग बऱ्याच धाकट्या गाडीलाही चालत. भंगारातली गाडी जिवंत गाडीचे कोठार ठरे. मुंबईत या जुन्या भागांचा मोठा बाजार कुर्ल्यातच वसला. गाडी ज्या उपनगरात जन्मली, त्याच उपनगरात ती सुटी होऊन दुसऱ्या गाड्यांत जाऊ लागली.

१२/ ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात एक मोलाचा मुद्दा मांडला आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या अंगाने लिहिला जातो, तो वापराच्या आणि दुरुस्तीच्या अंगानेही लिहिला पाहिजे. पद्मिनीचा इतिहास असा लिहिला, तर आराखडा काढणारा अभियंता मागे पडतो आणि गॅरेजातला मेस्त्री पुढे येतो. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा, बाजारात न मिळणारा भाग लेथवर घडवून घेणारा हा कारागीर वर्ग आपल्या औद्योगिक इतिहासात जवळजवळ अनामिकच राहिला.

१३/ वापराच्या तऱ्हेनेही वय बदलते. घरची गाडी थोडी धावे, पुष्कळ उभी राहे. तिला गंज आधी गाठी. कंपनीची किंवा सरकारी गाडी चालकाच्या हाती असे आणि तिच्या दुरुस्तीची नोंद वहीत होई. ती नियमाने निर्लेखित होऊन लिलावात निघे. टॅक्सी दिवसरात्र धावे. तिचे इंजिन आधी थके. मुंबईच्या अरुंद, गर्दीच्या रस्त्यांवर ॲम्बॅसेडरहून आटोपशीर असलेली फियाट टॅक्सीचालकांना मानवली आणि काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी असे समीकरणच झाले.

१४/ १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि बाजाराचे घड्याळ पुन्हा चालू झाले. पद्मिनीच्या यंत्रात त्या दिवशी काहीच बदलले नव्हते. तरीही स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, जड वळण, हे सारे आता 'जुने' दिसू लागले. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या आणि कुटुंबांनी पद्मिनी सोडण्यास प्रारंभ केला. ती उरली मुख्यतः टॅक्सीचालकांकडे, म्हणजे ज्यांना नवी गाडी सहज परवडणारी नव्हती त्यांच्याकडे.

१५/ तिसरे घड्याळ शेवटी जागे झाले. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक ठरला. २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. जुन्या इंजिनांत हेच शिसे व्हॉल्व्हच्या बैठकींना झिजेपासून वाचवत असे; हवेला जे विष होते, ते या यंत्रांना औषध होते. मुंबईच्या हवेचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. कोलकात्यात २००८ मध्ये उच्च न्यायालयाने १५ वर्षांवरील व्यावसायिक वाहने हटवण्याचा आदेश दिला. मुंबईत टॅक्सींसाठी २० वर्षांची मर्यादा आली.

१६/ मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षे २०२३ च्या त्याच तारखेला भरली आणि ३० ऑक्टोबरपासून शहरात पद्मिनी टॅक्सी उरली नाही. ध्यानात घ्या: त्या सकाळी तिचे इंजिन बंद पडले नव्हते. धातूचे वय मेस्त्रीने लांबवले होते, बाजाराचे वय चालकाच्या गरजेने लांबवले होते. कायद्याचे वय मात्र कॅलेंडर पाहून संपले.

१७/ याचा अर्थ कायदा अन्यायी होता, असा घाईने काढू नये. जुन्या कार्ब्युरेटर इंजिनांचा धूर शहराने कित्येक वर्षे श्वासात घेतला, आणि सर्वाधिक घेतला तो गाडीतच बारा तास बसणाऱ्या चालकाने. अपघातात आतल्या माणसाला वाचवण्याची सोयही या गाड्यांत जेमतेम होती. 'भक्कम पत्रा' वाकत नसे, तेव्हा धक्का माणसापर्यंत पोचे. टिकाऊपणाचे गोडवे गाताना हे दोन्ही खर्च ताळेबंदात मांडले पाहिजेत.

१८/ तरीही एक प्रश्न उरतोच. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली. खासगी मोटारीला मात्र १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. दिल्ली परिसरात तिच्यावरही बंधने आली. म्हणजे सारख्याच दोन गाड्या, एक कार्यालयाची आणि एक घरची, वेगवेगळ्या दिवशी 'मरतात'. वय मोजायचे ते वर्षांत, किलोमीटरांत की नळीतून येणाऱ्या धुरात? हा निर्णय तांत्रिक दिसतो, पण त्याचा भार नेहमी जुनी गाडी चालवावी लागणाऱ्यावर पडतो.

१९/ आता आरंभीच्या वाक्याकडे पाहा. जुन्या गाड्या भक्कम होत्या म्हणून टिकल्या, हे अर्धसत्य आहे. त्या टिकल्या कारण धोरणाने पर्याय ठेवला नव्हता, आराखडा गोठल्याने सुटे भाग मिळत होते, आणि स्वस्त, कुशल दुरुस्तीचे श्रम हाताशी होते. आजच्या गाडीचा पत्रा गंजाला अधिक दाद देत नाही, इंजिनही अधिक चालते. मात्र तिच्यातले इलेक्ट्रॉनिक भाग बनणे थांबले, की कोपऱ्यावरचा मेस्त्री तो भाग लेथवर घडवू शकणार नाही. तिच्या म्हातारपणाचा इतिहास वेगळाच असेल.

२०/ शेवटी एक विनंती. घरातल्या जुन्या गाडीचे आरसी बुक, गॅरेजची पिवळी पडलेली बिले, विम्याचे कागद रद्दीत टाकू नका. कोणत्या वर्षी इंजिनाचे काम निघाले, कोणता भाग कितीला पडला, गाडी कोणाकडून कोणाकडे गेली, हे त्यांत नोंदलेले असते. दरबारी कागदपत्रांइतकीच ही इतिहासाची साधने आहेत. आणि जमल्यास आपल्या भागातल्या एखाद्या वृद्ध मेस्त्रीशी बोला, त्यांच्या आठवणी लिहून ठेवा. मिळाले ते येथे जरूर कळवा. धागा समाप्त.