टेडी वेदरफर्ड : नोंदीतून निसटलेला पियानोवादक

संशोधनात एक चूक आपण सगळेच करतो: नोंद सापडली नाही की ‘तसं काही घडलंच नाही’ असं धरून चालतो. हे उदाहरण बघा.

टेडी वेदरफर्ड (१९०३–१९४५) हा कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझ पियानोवादक. शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात तो लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवायचा. १९२६ मध्ये तो आशियात आला. आधी शांघायचे नाइटक्लब, मग मुंबईचं ताजमहाल हॉटेल, महायुद्धाच्या काळात कलकत्त्याचं ग्रँड हॉटेल. कलकत्त्यातच कॉलऱ्याने तो गेला.

आर्मस्ट्राँग सगळ्यांना माहीत, वेदरफर्ड फारसा कुणाला नाही. कारण सोपं आहे. अमेरिका सोडली तशी तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांशी गाठ सुटली. वाजवणं चालूच होतं, नोंद विरळ झाली.

मग शोधायचं कुठे? कलकत्त्यात निघालेल्या तबकड्या, हॉटेलांच्या जुन्या जाहिराती आणि हो, हिंदी सिनेमा! क्लबात वाजवणारे कितीतरी गोवेकर वादक सिनेमाच्या रेकॉर्डिंगलाही जायचे. त्यांतला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) बँडसकट पडद्यावर दिसतो. बाकीच्या बहुतेकांची नावं श्रेयनामावलीत आलीच नाहीत.

म्हणून विषय हातात घेताना आधी विचारा: नोंद कोण ठेवत होतं आणि कुणाची? सातारा-सांगलीत लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या बँडवाल्यांनाही हाच प्रश्न लागू पडतो. त्यांच्यातले जुने वादक अजून भेटतील, तोवर वही घेऊन जा.